कणकेचे फोड

शालनताईंबद्दल लिहायचं तर आधी माझ्याबद्दल दोन ओळी लिहिणं भाग आहे, कारण त्यांच्यावर जे बालंट आलं ते मी आणलं. मी गोपाळकृष्ण, वय एकाहत्तर. अडतीस वर्षं मुद्रितशोधन केलं, म्हणजे छापायला निघालेल्या मजकुरातल्या चुका काढल्या. माझ्या हाताखालून गेलेल्या पुस्तकात चूक सापडली असं सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. भेटलाच तर त्याच्या सांगण्यात मी दोन चुका दाखवीन.

शालनताई आमच्याकडे अकरा वर्षं पोळ्या करतात. बिबवेवाडीत आमच्या सोसायटीच्या तीन इमारती आहेत आणि त्यांत मिळून शालनताईंची सात घरं. सकाळी साडेसातला पहिलं घर, साडेदहाला आम्ही, म्हणजे शेवटचे. बाई मूळच्या धाराशिवकडच्या. लग्न होऊन पुण्यात आल्या. नवरा उत्तरेश्वर मार्केट यार्डात हमाली करतो. माहेरी सगळा जन्म ज्वारीच्या भाकरीवर गेलेला, पोळी दिसायची ती सणाला. त्यामुळे आमच्याकडे पहिल्या दिवशी त्यांनी जी पोळी केली, ती मी ताटात उभी धरली तर उभी राहिली. तसं मी बोलूनही दाखवलं. मला गप्प बसता येत नाही.

शालनताईंनी मागं वळून पाहिलं आणि म्हणाल्या, "मग बसवून खावा की, काका."

माझी बायको उल्का इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या दिवसापासून ती शालनताईंच्या पक्षात गेली, ती अजून परत आलेली नाही. घडीची पोळी तिनंच त्यांना शिकवली. आठ दिवसांत शालनताई शिकल्या आणि महिन्याभरात उल्काच्या पुढं गेल्या. आता त्यांची पोळी तव्यावर फुगली की तिच्याकडे बघत राहावं. तीन पदर सुटे होतात, संध्याकाळपर्यंत मऊ राहते. कुणाला पातळ लागते, कुणाला छोटी, कुणाच्या घरी मधुमेह म्हणून नाचणी मिसळायची, हे सगळं त्यांच्या डोक्यात. पिठाचा डबा उघडून वास घेतला की ते कुठल्या गिरणीतलं आणि किती दिवसांचं, हे सांगतात. चौथ्या मजल्यावरच्या कादंबरीबाईंनी एकदा दुकानातलं तयार पीठ आणून डब्यात ओतलं आणि गिरणीचंच म्हणून सांगितलं. शालनताईंनी दोन पोळ्या लाटल्या आणि म्हणाल्या, "गिरणीवाला बदलला वाटतं. नवीन माणूस पिशवीतनं दळतोय."

एका घरातलं त्या दुसऱ्या घरात सांगत नाहीत. हा गुण सोसायटीत दुसऱ्या कुणाकडेही नाही, माझ्याकडे तर नाहीच.

मी सकाळी फिरायला जातो आणि बागेतल्या मंडळींशी वाद घालून उशिरा परततो. म्हणून शालनताईंना काही सांगायचं असेल तर पिठाच्या डब्यावर चिठ्ठी ठेवतो. "आज पाहुणे दोन. पोळ्या बारा कराव्यात. सदर डब्यातील पीठ जुने असल्याने वापरू नये." त्या सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत, चिठ्ठी नीट वाचतात. कधी खाली पेन्सिलीनं उत्तर असतं, "बर". त्यावरचा राहिलेला अनुस्वार मी नंतर देऊन ठेवतो.

आता सिनेमाचं सांगतो. उल्काच्या धाकट्या बहिणीची नात ऋचा चित्रपटाचं शिक्षण घेते आणि दर गुरुवारी आमच्याकडे जेवायला येते. शेवटच्या वर्षाला तिला एक चित्रपट करायचा होता. गोष्ट अशी, की एका इमारतीत कसलासा रोग येतो, माणसं पिसाळतात, बाहेरून इमारत सील करतात. आत अडकलेली एक मुलगी फोनवर सगळं चित्रित करत राहते. पुढं तो फोन सापडतो आणि त्यातलं चित्रण म्हणजेच हा चित्रपट. त्यामुळे चित्र हलणार, माणसं अर्धीमुर्धी दिसणार, आवाज फाटणार.

"म्हणजे वाईट काढायचं," मी म्हटलं.

"मुद्दाम वाईट काढायचं, आजोबा. इट्स अ फॉर्म. खरं वाटलं पाहिजे, नाहीतर अख्खी फिल्म फ्लॉप."

तिची अडचण वेगळीच होती. सगळे नट कॅमेऱ्यासमोर आले की नट व्हायचे. फोन समोर धरला की एक तर त्याच्याकडे बघायचं टाळायचे, नाहीतर उगाच किंचाळायचे. त्या गुरुवारी ती वैतागून आमच्या स्वयंपाकघरात फोन घेऊन फिरत होती. शालनताई ओट्याशी होत्या. त्यांनी लाटणं न थांबवता सरळ फोनमध्ये बघितलं आणि म्हणाल्या, "तोंड सुकलंय तुझं. सकाळपासनं खाल्लं का न्हाई काही?"

ऋचा तिथल्या तिथं उड्या मारायला लागली. शालनताईंना वाटलं झुरळ निघालं.

शूटिंग पलीकडच्या गल्लीत होतं. तिथली एक इमारत पुनर्विकासासाठी रिकामी केलेली होती आणि पाडायला अजून महिना होता. दुपारी दोन ते पाच, आठ दिवस. खिडक्यांना काळे कागद लावून रात्र केली. शालनताईंना भूमिका होती पोळ्या करणाऱ्या बाईची. सील लागतं त्या दिवशी ती नेमकी आत सापडते, आणि रोग आधी तिलाच होतो. चेहऱ्यावर फोड यायला हवे होते. ऋचानं मागवलेले रबराचे फोड घामानं सुटून टपाटप पडायला लागले, तेव्हा शालनताई म्हणाल्या, "थांबा. असं न्हाई व्हायचं." त्यांनी घट्ट कणीक भिजवली, चांगली मळून चिवट केली, हळद आणि बिटाचा रस घातला आणि बोटानं दाबून दाबून स्वतःच्या गालावर असे फोड बसवले, की मेकअप करणारा मुलगा दोन पावलं मागं सरकला. तोंडाला फेस म्हणून ताकात इनो. तीही युक्ती त्यांचीच.

त्या आठ दिवसांत शालनताई वेगळ्याच दिसायला लागल्या. चालायच्या झपझप, बोलायच्या भरभर. एकदा मेकअप न उतरवताच घरी गेल्या, तर उत्तरेश्वरनं दार उघडलं आणि परत लावून घेतलं. ते सांगताना त्यांना हसू आवरेना. मग उल्काला म्हणाल्या, "ऋचा म्हनती, पुन्हा एकदा करा. मला वाटायचं चुकलं म्हनून. इतकी वर्षं कुणी पुन्हा करा म्हनलं की ते चुकलेलंच असायचं. तर ती म्हनती, न्हाई हो ताई, लई भारी झालं, म्हनून पुन्हा."

मी हे बाहेरच्या खोलीत ऐकलं. त्या दिवशी मी डब्यावर कसलीच चिठ्ठी ठेवली नाही, नाहीतर पोळीला थोडं मीठ कमी पडतं हे लिहायचं मनात होतं.

आणि मग मी माझी करामत केली.

बागेत माझ्याबरोबर रामदास नावाचे एक गृहस्थ फिरतात. त्यांना दिवसाला चाळीस संदेश येतात आणि ते ऐंशी पाठवतात. एका मंगळवारी अकराच्या सुमारास त्यांच्याकडून मला एक व्हिडिओ आला. मी व्हिडिओ कधीच उघडत नाही. खाली मजकूर होता, तो असा:

"बीबवेवाडित एका ईमारतीत विचीत्र रोग आडळला आहे पोळ्या करनार्या बाई मुळे पसरला. ईमारत शील केलि आहे सर्वानि काळजि घ्यावि हि विनंति"

इमारतीला शील असतं ही माहिती मला नवीन होती. ते वाचून माझ्या अंगाची लाही झाली. आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. प्रूफ वाचणारा माणूस अर्थ वाचत नाही. अर्थात शिरलं की नजर पुढं पळते आणि चूक निसटते, म्हणून आम्ही एकेक अक्षर वाचतो. अडतीस वर्षांत मी प्रेमकथा वाचल्या, पाककृती वाचल्या, मृत्युलेख वाचले. कशात काय होतं ते विचारू नका. दुसरी गोष्ट अशी, की आलेलं प्रूफ दुरुस्त करून परत पाठवायचं असतं, घरात ठेवून द्यायचं नसतं. तेव्हा मी खाली बसलो आणि रामदासांना शुद्ध प्रत पाठवली:

"बिबवेवाडी येथील एका इमारतीत अनोळखी स्वरूपाचा आजार आढळून आला आहे. पोळ्या करणाऱ्या महिलेमार्फत त्याचा प्रसार झाल्याचे समजते. सदर इमारत सील करण्यात आली आहे. सर्वांनी काळजी घ्यावी, ही विनंती."

वर लिहिलं, "असे लिहावे." मग हात धुतले आणि जेवायला बसलो. तीन पोळ्या खाल्ल्या. शालनताईंनीच केलेल्या.

झालं होतं ते असं. ऋचानं मेकअप कसा दिसतो हे बघायला चाळीस सेकंदांचा एक तुकडा आपल्या चमूला पाठवला होता. त्यातल्या कुणीतरी तो भावाला दाखवला, भावानं मित्राला, आणि मित्रानं गंमत म्हणून खाली तो ईमारत-शीलवाला मजकूर चिकटवला. तसाच राहिला असता तर कुणी दोन मिनिटं हसलं असतं आणि विसरलं असतं. पण रामदासांनी माझी शुद्ध प्रत व्हिडिओखाली लावून सगळीकडे सोडली. आमच्याकडे अशुद्ध मजकुराला अफवा म्हणतात आणि शुद्ध मजकुराला निवेदन. 'आढळून आला आहे', 'समजते' हे वाचलं आणि लोकांना वाटलं, महापालिकेकडूनच आलंय. करोनात गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले होते ते वर्ष कुणी विसरलेलं नाही. माणसं घाबरली, त्यात मी त्यांना फारसा दोष देत नाही.

बुधवारी कादंबरीबाईंनी शालनताईंना दारातूनच सांगितलं, "काही दिवस राहू द्या." गुरुवारी आणखी दोन घरांनी सांगितलं. शनिवारी सकाळी शालनताई आमच्याकडे साडेदहाऐवजी आठला आल्या, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या. त्यांना बसलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. बसल्यावर त्या फारच लहान दिसत होत्या.

"सहा घरं गेली, काकू," त्या उल्काला म्हणाल्या. "आता तुमचंच राहिलं."

उल्कानं तो व्हिडिओ उघडला. शालनताईंचा फोडांनी भरलेला चेहरा, तोंडाला फेस, हात गजांतून बाहेर. आणि त्याखाली माझा मजकूर, स्वल्पविरामासकट. मी चष्मा काढला आणि पुसत राहिलो.

"अहो, हा सिनेमा आहे असं सांगा ना लोकांना," उल्का म्हणाली. "तुम्ही लिहा. तुमचं ऐकतील."

मी लिहिलं. अडतीस वर्षांत स्वतःसाठी लिहावं लागलेलं ते माझं पहिलं शुद्धिपत्र. "सदर चित्रफीत ही एका विद्यार्थी-चित्रपटातील असून कोणताही आजार आढळून आलेला नाही." सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, रामदासांना पाठवून सगळीकडे फिरवायला लावलं. सगळ्यांनी अंगठे दाखवले. मजकूर मुळात कुणी सुधारला, ते मात्र मी लिहिलं नाही. रामदासांच्या लक्षातच नव्हतं, त्यामुळे ते कळायलाही मार्ग नव्हता.

शालनताईंचं एकही घर परत आलं नाही. मी जिन्यात कादंबरीबाईंना गाठलं.

"कळलं हो काका, पिक्चर आहे ते," त्या म्हणाल्या. बाई खोटं बोलत नव्हत्या, त्यांनाही वाईट वाटत होतं. "पण ते फोड कणकेचे होते असं ऋचानं लिहिलेलं काकूंनी टाकलं ना ग्रुपवर, त्यानं आणखीच झालं. आता पोळीचा तुकडा मोडला की तेच डोळ्यापुढं येतं. घास उतरत नाही, त्याला मी काय करू?"

ऱ्हस्व-दीर्घाची चूक असती तर काढली असती.

मी हे शालनताईंना सांगायला नको होतं, पण त्यांनी सरळ विचारलं आणि मला गप्प बसता येत नाही. ऐकून त्यांनी मळलेल्या कणकेवर ओलं फडकं टाकलं.

"काम मिळंल हो दुसरीकडं," त्या म्हणाल्या. "पुण्यात पोळ्या खानारी मानसं काय संपली न्हाईत. पण ह्या हाताची किळस आली म्हनतात. हे हात घेऊन दुसऱ्या घरी कसं जायचं? तिथं बी कुणीतरी बघितलेलं असंलच की."

रिकामा वेळ होता म्हणून त्या आमच्याकडेच जास्त पोळ्या करायला लागल्या, आणि मी त्या खात गेलो. चार, पाच, एकदा सहा. शरमेनं माणूस किती पोळ्या खाऊ शकतो हे मला त्या पंधरवड्यात कळलं. डॉक्टरांनी साखर तपासली आणि मला विचारलं, घरी काही कार्य होतं का?

रोज वाटायचं की आज सांगून टाकावं. ओट्याशी जाऊन उभा राहायचो, त्या "काय पायजे, काका?" विचारायच्या, आणि मी पाणी पिऊन परत यायचो. मी भित्रा आहे हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं. आधी कधी तशी वेळच आली नव्हती.

चित्रपट पुरा झाल्यावर ऋचानं ठरवलं की तो आधी आमच्या सोसायटीला दाखवायचा. रविवारी दुपारी चार वाजता, तळघरातल्या पार्किंगमध्ये. तिथं भरदिवसाही अंधार असतो. शालनताई आधी येईचनात. "कुठलं तोंड घेऊन येऊ?" म्हणाल्या. मग शनिवारी एकाएकी तयार झाल्या आणि मला फर्मान सोडलं, की शेगडी, मोठा तवा, पोळपाट-लाटणं आणि पाच किलो पीठ खाली पोचवा. मला वाटलं, ऋचाच्या चमूला जेवण असेल. मी दोन खेपांत सगळं नेलं. पीठ मी स्वतः गिरणीतून दळून आणलं होतं, त्यांनी वास घेतला आणि मान हलवली.

पन्नासेक माणसं आली. कादंबरीबाईही आल्या, खांबाजवळ उभ्या राहिल्या. शालनताई सगळ्यांच्या मागं, शेगडीपाशी, पदर डोक्यावर घेऊन.

चित्रपट खरोखर वाईट काढलेला होता, म्हणजे ऋचाला हवा होता तसा. चित्र हलत होतं, माणसं जिन्यात धावत होती, कुणीतरी रडत होतं. मला दहाव्या मिनिटाला चक्कर आली. पण एक प्रसंग आला आणि पार्किंगमध्ये कुणी जागचं हलेना. फोन धरलेली मुलगी एका फ्लॅटमध्ये आहे. बाहेर, लोखंडी जाळीच्या दारापलीकडं शालनताई. फोड आलेले आहेत, हात थरथरतोय, अजून शुद्ध आहे पण जायला लागलीय. संहितेत इथं फक्त दार बडवून गुरगुरायचं होतं, हे मला ऋचानं नंतर सांगितलं. शालनताई दार बडवत नाहीत. त्या जाळीतून सरळ फोनमध्ये, म्हणजे आपल्याकडे बघतात आणि म्हणतात, "आतनं कडी लाव, बाळा. मी काय बी म्हनलं तरी उघडू नको. तुला हाक मारीन, रडीन, तरी बी उघडू नको. कणीक भिजवून ठिवलीय, दोन दिस पुरंल तुला." मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलतो, आणि त्या दारावर धडक मारतात.

माझ्या शेजारी बसलेली उल्का रडत होती. मीही रडत होतो, पण मला रडण्याचं आणखी एक कारण होतं.

दिवे लागले. टाळ्या झाल्या, पण अवघडलेल्या. कुणी मागं वळून शालनताईंकडे बघेना. मंडळी चपला शोधायला लागली. आता हे लोक वर जातील, शालनताई तवा उचलून घरी जातील आणि सगळं कायमचं तसंच राहील, हे मला लख्ख दिसलं. मी उठलो.

"एक मिनिट," मी म्हणालो. आवाज फाटला. "तो मजकूर मी सुधारला होता. मुळात तो इतका अशुद्ध होता की कुणी विश्वास ठेवला नसता. मी न वाचता शुद्ध केला. अक्षरं वाचली, त्यात कोणाबद्दल लिहिलंय ते वाचलं नाही. शालनताईंची सहा घरं माझ्यामुळे गेली. आणि पंधरा दिवस मला हे सांगायचं धाडस झालं नाही."

रामदास पहिल्या रांगेत होते, ते "अरेच्चा!" म्हणाले. उल्का माझ्याकडे बघत होती. त्या नजरेनं पुढं आठवडाभर माझा समाचार घेतला.

मागून शालनताईंचा आवाज आला. "बसा, काका."

"शालनताई, मी..."

"मला म्हाईत हाय. पहिल्या दिवसापासनं म्हाईत हाय. 'सदर' म्हननारं ह्या बिबवेवाडीत तुमच्याबिगर कोन हाय? अकरा वर्षं चिठ्ठ्या वाचतीय. खोटं बी तुमचंच आन त्यावरचं खरं बी तुमचंच."

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. मी खाली बसलो. मला वाटतं इतक्या प्रेमानं माझी चूक कधी कुणी काढली नव्हती.

त्या हसण्यात लोक जरा सैल झाले. कादंबरीबाई खांबापासून पुढं आल्या आणि म्हणाल्या, "शालनताई, झालं गेलं. उद्यापासून या ना." मागोमाग आणखी दोघीतिघी तसंच म्हणाल्या.

शालनताईंनी शेगडी पेटवली. "असं न्हाई," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण पार्किंगच्या टोकापर्यंत ऐकू गेला. "उद्या दार उघडाल आन पोळी ताटात तशीच ठिवाल. मला कळनार बी न्हाई. ही कणीक हितंच भिजवली, ह्याच हातानं. तुम्ही आत्ता माझ्यासमोर खावा. ज्याचा घास उतरंल त्याच्याकडं मी उद्या येनार. ज्याचा उतरनार न्हाई, त्यांनी आत्ताच सांगा. माझा राग न्हाई."

त्यांनी पहिली पोळी लाटली. ती फुगली, त्यांनी ती उतरवली, तूप लावलं आणि हातावर धरून उभ्या राहिल्या. त्या हाताकडे सगळे बघत होते. मला वाटलं की आता कुणी पुढं आलं नाही तर ही बाई मरेपर्यंत पोळी लाटणार नाही.

कादंबरीबाई पुढं आल्या. त्यांनी पोळी घेतली, तुकडा मोडला, आणि मोडल्यावर थांबल्या. सगळ्यांना कळलं त्या का थांबल्यात. मग त्यांनी डोळे मिटले आणि घास तोंडात घातला. चावला. परत चावला. डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते. "मेल्या त्या फोनला आग लागो," त्या म्हणाल्या, "पंधरा दिवस मी ब्रेड खातेय."

मग रांगच लागली. शालनताई लाटत होत्या, ऋचा भाजत होती आणि करपवत होती, त्या तिला ओरडत होत्या. सहाच्या सहा घरं आली. जी कधीच त्यांची नव्हती अशीही तीन आली.

रांगेच्या अगदी शेवटी मी ताट घेऊन उभा राहिलो, पुढं अजून दहाबारा माणसं होती. ज्यानं हे सगळं घडवलं त्यानं शेवटी उभं राहावं आणि शालनताईंनी त्याला नाही म्हणावं, हेच बरोबर होतं. मी त्याची तयारी करून आलो होतो.

शालनताईंनी वर बघितलं, लाटणं हातातच ठेवलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "तुम्ही कशाला रांगेत उभे? ही काय तुमची परीक्षा हाय? मी सगळ्यांच्यात वाईट झाले, तवा तुम्ही एक दिस तरी सोडली का माझी पोळी?"

त्यांनी मला तुपाची वाटी दिली, आणि मी रांगेतल्या माणसांना वाढायला लागलो.